दोन बादल्यांची बाग

मार्च महिना संपत आला होता. आमच्या अकोल्याच्या शाळेत परीक्षेची तयारी चालू होती. मधल्या सुट्टीत आठवीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे गाव पूर्णा नदीच्या काठी आहे. ती रोज एसटीने शाळेत येते. ती म्हणाली, "सर, आमच्या अंगणात लिंबूचे झाड आहे. दोन वर्षांपूर्वी दादींनी ते लावले. दादी आता नाहीत. अम्मी म्हणतात, उन्हाळ्यात घरालाच पाणी पुरत नाही, तर बागेला कोठून द्यायचे? रोज फार तर दोन बादल्या मिळतील. दोन बादल्यांत झाड जगेल का?"

मी विचारले, "बागेत आणखी काय आहे?"

"एक मोगरा आहे, एक मेंदी आहे आणि आठ कुंड्या आहेत. कुंड्यांत पुदिना, कढीपत्ता आणि गुलाब आहेत."

"पाणी कसे देता?"

"नळ येतो त्या दिवशी पाइपने देतो. मधल्या दिवसांत बोअरचे देतो, पण ते खारे आहे. अमरावतीला आमच्या खालांच्या गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत. त्यांनी ठिबकच्या नळ्या लावल्या आहेत. ते पाहून अब्बांनीही तसाच संच आणला. दोन महिन्यांत तो बंद पडला."

मी म्हणालो, "उद्या तुझ्या बागेचाच धडा घेऊ."

मुलांनो, त्या दिवशी वर्गात जे बोलणे झाले, तेच येथे लिहिले आहे. वऱ्हाडात राहणाऱ्या प्रत्येक घराला हा प्रश्न पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पाऊस वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पडतो, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. अमरावती शहराला मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते. म्हणजे आपल्या नळाला येणारे पाणी लांबून, मोठ्या खर्चाने येते. ते आधी माणसांचे आहे, मग जनावरांचे आणि नंतर बागेचे. म्हणून बागेच्या वाट्याला जे येईल, त्याचा थेंब न् थेंब झाडाच्या मुळापर्यंत पोहोचला पाहिजे.

उर्दूत आपण ज्याला आबपाशी म्हणतो, त्याला मराठीत सिंचन म्हणतात. सिंचनाच्या रीती अनेक आहेत. चांगली रीत कोणती, असे विचारण्यापूर्वी आपण स्वतःला चार प्रश्न विचारले पाहिजेत. दिलेले पाणी जाते कोठे? आपली माती कशी आहे? झाडाची मुळे कोठे आहेत? आणि आपले पाणी कसे आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका पातेल्याने शोधले. सरळ काठाचे पातेले घेतले. त्यात पाच सेंटीमीटर पाणी भरले आणि सकाळी सात वाजता गच्चीवर उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पट्टीने मोजले. पाणी जवळजवळ एक सेंटीमीटर कमी झाले होते. मे महिन्यात ते याहूनही जास्त कमी होते. एक सेंटीमीटर ऐकायला थोडे वाटते. पण एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवरचे एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० लिटर पाणी होय. वरून ओली केलेली उघडी माती सुरुवातीला जवळजवळ इतक्याच वेगाने पाणी हवेत सोडते. म्हणजे आपण अंगणभर पाणी शिंपडतो, तेव्हा झाडापेक्षा उन्हालाच जास्त पाणी पाजतो.

मग पाइपचा हिशेब केला. नळाला जोर असेल तर १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते. मी विचारले, "तुम्ही पाइप किती वेळ लावता?" ती म्हणाली, "वीस मिनिटे." तिने फळ्यावर स्वतःच गुणाकार केला. वीस मिनिटांत ३०० लिटर, म्हणजे वीस बादल्या. वर्ग शांत झाला. बाग तहानलेली होती, पण पाणी कमी म्हणून नव्हे, तर पाणी चुकीच्या जागी जात होते म्हणून.

दुसरा प्रश्न मातीचा. अकोला आणि अमरावतीच्या सपाट भागात काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा कोरड्या जमिनीवर पाइप सोडला, तर पाणी भेगांतून सरळ खाली निघून जाते. नंतर माती फुगली, की भेगा मिटतात आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. मग ते वरच साचते किंवा वाहून जाते. म्हणून काळ्या मातीला पाणी हळूहळू द्यावे. ही माती पाणी बराच काळ धरून ठेवते. त्यामुळे रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदाच, पण खोलवर पाणी देणे चांगले. कुंडीतील माती थोडी असते, ती लवकर वाळते. म्हणून कुंडीचा हिशेब वेगळा ठेवावा.

पाणी द्यायची वेळ झाली की नाही, हे कसे ओळखावे? खुरप्याने वीतभर खोल उकरा. तेथील माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि तो टिकला, तर आज पाणी देऊ नका. माती भुगा होऊन सुटली, तर पाणी द्या. वरची माती पांढरी दिसते म्हणून पाणी ओतू नका.

पाण्याआधी खुरपे हाती घ्यावे. वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत केली, की भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते. एक डवरणी म्हणजे अर्धे पाणी, असे जाणते शेतकरी मानतात, ते याच कारणाने. मग झाडाभोवती आच्छादन करावे. आपल्या गावांत तुरीचे व सोयाबीनचे कुटार मिळते, गव्हांडा मिळतो, पऱ्हाटीचे तुकडे मिळतात. काहीच नसेल, तर वाळलेला पाला आहेच. चार बोटे जाडीचा थर पसरला, की ऊन मातीवर थेट पडत नाही. मात्र हा थर खोडाला चिकटू देऊ नये. तो कोरड्या खोडापासून वीतभर दूर असावा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते.

तिसरा प्रश्न मुळांचा. आपण बहुधा खोडावर पाणी ओततो. पण पाणी शोषणारी बारीक मुळे खोडाजवळ कमी आणि झाडाच्या घेराखाली जास्त असतात. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जेथे संपते, तेथे पाणी द्यावे. अमरावती जिल्ह्यातील वरूड आणि मोर्शी तालुके संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील जाणते बागाईतदार झाडाला दुहेरी आळे करतात. खोडाभोवती मातीचा एक लहान गोल बांध घालतात आणि घेराच्या कडेला दुसरा मोठा गोल बांध घालतात. पाणी या दोन बांधांच्या मधल्या जागेत सोडतात. खोड कोरडे राहते. खोड सतत ओले राहिले, तर त्यातून डिंक गळण्याचा रोग होतो. लिंबू हे संत्र्याच्याच कुळातील झाड आहे. म्हणून घरच्या लिंबूलाही दुहेरी आळेच करावे.

चौथा प्रश्न पाण्याचा. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील जमिनीखालचे पाणी खारे आहे. लिंबूला खारे पाणी सोसत नाही. पानांच्या कडा करपतात आणि पाने गळतात. शिवाय असे पाणी वारंवार दिले, की काळी माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. पाणी उडून जाते, पण क्षार मागे राहतात. मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसते, ती हीच. म्हणूनच अब्बांनी आणलेला ठिबक संच बंद पडला. पाण्यातील क्षार ठिबकच्या बारीक छिद्रांत साचले आणि छिद्रे बुजली. दोष संचाचा नव्हता आणि अब्बांचाही नव्हता. अमरावतीच्या खालांकडे धरणाचे गोडे पाणी आहे, गच्चीवर टाकी आहे आणि कुंड्या चाळीस आहेत. तेथे ठिबक योग्य आहे. जी रीत एका घरी योग्य, तीच दुसऱ्या घरी योग्य असेल असे नाही.

आता निरनिराळ्या रीती पाहू. झारीने पाणी कुंड्यांना चांगले देता येते. किती पाणी दिले, ते आपल्याला कळते. पण ते पानांवर न घालता मातीत घालावे. आळ्यात बादलीने पाणी देणे स्वस्त आहे, मोठ्या झाडाला ते चालते. फक्त बादली एकदम रिकामी करू नये, लोट्या-लोट्याने घालावे.

ठिबक म्हणजे थेंब थेंब टपकणे. एका ठिबकतोटीतून तासाला दोन किंवा चार लिटर पाणी पडते. पाट किंवा पाइपने सोडलेल्या पाण्यापैकी निम्मेदेखील अनेकदा मुळांना मिळत नाही. ठिबकने मात्र ९० टक्क्यांपर्यंत पाणी मुळांच्या जागी पोहोचते. पण त्याला टाकी लागते, गाळणी लागते आणि माणसाचे लक्ष लागते. मी एकदा घरच्या दहा ठिबकतोट्यांचा कॉक रात्री बंद करायला विसरलो. तासाला चार लिटरप्रमाणे दहा तासांत ४०० लिटर पाणी गेले. सकाळी टाकी रिकामी होती आणि घरातली सर्व माणसे माझ्याकडे पाहत होती. पाणी वाचवणारे यंत्र आपोआप पाणी वाचवत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

आणखी एक रीत फार जुनी आहे, ती म्हणजे मटका सिंचन. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या शेतीच्या एका ग्रंथातही जमिनीत पुरलेल्या मडक्याची ही रीत सांगितली आहे. कुंभाराकडून पाच लिटरचे साधे, रंग न दिलेले मडके आणावे. झाडाच्या घेराच्या कडेला खड्डा करून ते गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे, म्हणजे पाणी उडत नाही आणि डासही होत नाहीत. मडक्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. बाहेरची माती कोरडी असेल, तेव्हा ती मडक्यातून पाणी ओढते. माती ओली असेल, तेव्हा पाणी फारसे झिरपत नाही. म्हणजे किती पाणी घ्यायचे, हे मातीच ठरवते. हळूहळू मुळे मडक्याभोवती गोळा होतात.

गेल्या वर्षीचा माठ वापरला तर चालेल का, असे एका मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. माठ पाणी थंड करतो, कारण त्याच्या छिद्रांतून पाणी बाहेर येऊन उडते. ज्या जुन्या माठात पाणी थंड होत नाही, त्याची छिद्रे बुजलेली असतात. असा माठ झाडालाही पाणी देणार नाही. म्हणून आधी परीक्षा घ्यावी. माठात पाणी भरून रात्रभर ठेवावे. सकाळी बाहेरून ओलसर लागला, तर तो कामाचा आहे. लागला नाही, तर काथ्याने घासून उन्हात वाळवावा आणि पुन्हा पाहावे. मटक्यात खारे पाणी मात्र भरू नये, त्याने छिद्रे लवकर बुजतात.

पाणी उन्हापासून लपवण्याची ही युक्ती मोठ्या प्रमाणावरही वापरली गेली आहे. अकोल्याच्या वायव्येला, मध्य प्रदेशात तापी नदीच्या काठी बुऱ्हाणपूर शहर आहे. तेथे सुमारे १६१५ साली, दोह्यांसाठी प्रसिद्ध असलेले अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे आणले. वर विहिरींसारख्या कुंड्यांची रांग आहे आणि पाणी खालून वाहते. त्या लोकांनी जे शहरासाठी केले, तेच मटका एका झाडासाठी करतो.

मग पाणी द्यावे केव्हा? पहाटे फजरच्या नमाजानंतरची वेळ सर्वांत चांगली. त्या वेळी माती थंड असते, वारा कमी असतो. संध्याकाळीही चालते. भर दुपारी कधीही देऊ नये.

एका मुलाने वजूच्या पाण्याची आठवण काढली. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. लोट्याने वजू केली तर थोडेच पाणी लागते. ते पाणी घमेल्यात साठवले, तर कुंड्यांना मिळते. त्यात साबण नसतो. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणीही चालते. पण कूलरच्या टाकीत तळाला उरलेले पाणी झाडांना घालू नये. कूलर चालतो तेव्हा पाणी उडते आणि क्षार टाकीतच दाट होत जातात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही असेच क्षारयुक्त असते. ते फरशी धुण्यासाठी वापरावे.

एवढे सर्व झाल्यावर आम्ही तिच्या बागेचा हिशेब मांडला. दोन बादल्या म्हणजे ३० लिटर नळाचे पाणी. लिंबूच्या झाडाला पाच-पाच लिटरचे दोन मटके, म्हणजे रोज फार तर १० लिटर. मोगरा आणि मेंदी शेजारी शेजारी आहेत, त्यांच्या मध्ये एक मटका, म्हणजे ५ लिटर. आठ कुंड्यांना एक-एक लिटर, म्हणजे ८ लिटर. एकूण २३ लिटर झाले. रोजचे ७ लिटर शिल्लक राहिले. ते झाकलेल्या ड्रममध्ये साठवायचे आणि ज्या दिवशी नळ येणार नाही, त्या दिवशी वापरायचे. कुंड्या पूर्वेच्या भिंतीजवळ, दुपारच्या सावलीत एकमेकींना लावून ठेवायच्या. नवीन काही लावायचे नाही. बोअरचे पाणी झाडांना द्यायचे नाही.

पावसाळ्याचाही विचार झाला. चाळीस चौरस मीटरच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वर्षाला ३२,००० लिटर पाणी पडते. त्याचा चौथा भाग वाया गेला असे धरले, तरी २४,००० लिटर उरते. ते सगळे साठवता येणार नाही. पण छपराची पन्हाळ लिंबूच्या आळ्याकडे वळवली, तर ते गोडे पाणी मातीतले क्षार मुळांच्या खाली धुऊन नेते. जास्तीचे पाणी बाहेर जायला वाट मात्र ठेवावी, कारण मुळांशी पाणी तुंबलेले लिंबूला चालत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. जूनअखेर विदर्भातील शाळा उघडल्या. पहिल्याच दिवशी ती विद्यार्थिनी आली. तिने वहीतून एक कोवळे पान काढून माझ्या टेबलावर ठेवले. मी ते चुरडून वास घेतला. लिंबूचेच होते.

"दोन गुलाब गेले, सर," ती म्हणाली. "पुदिनाही वाळला होता, पण पावसाने पुन्हा फुटला. लिंबूची पाने मे महिन्यात थोडी गळली. आता नवी पालवी आली आहे."

"आणि अम्मी काय म्हणतात?"

"अम्मी आता रोज स्वतःच मटके भरतात. मला हातही लावू देत नाहीत."

मुलांनो, तिने नवीन यंत्र विकत घेतले नाही. तीन मडकी, थोडे कुटार आणि एक खुरपे एवढेच तिचे साहित्य होते. तुमच्या घरी कदाचित ठिबक योग्य ठरेल, कदाचित झारी पुरेल. रीत निवडताना आपली माती, आपले पाणी आणि झाडाची मुळे पाहा. पाणी जमिनीला नव्हे, मुळाला द्या.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अकोला शहराला कोणत्या धरणाचे पाणी मिळते?
(आ) अब्बांनी आणलेला ठिबक संच का बंद पडला?
(इ) कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना का घालू नये?

२. दुहेरी आळे कसे करतात, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. उर्दू शब्द लिहा : सिंचन, माती, झाड, मूळ, सावली.

४. वाक्यांत उपयोग करा : थेंब न् थेंब, हिशेब मांडणे, पालवी येणे.

५. उपक्रम : सरळ काठाच्या पातेल्यात पाणी भरून सात दिवस उन्हात ठेवा. रोज त्याच वेळी पट्टीने मोजून तक्ता तयार करा. शिक्षकांबरोबर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला भेट द्या आणि तेथे पाहिलेल्या सिंचनाच्या रीतींची माहिती वर्गात सांगा.